कोरडें वंगण

आमच्या मेहकरच्या घराच्या दिंडीला वीतभर लांबीचें एक जुनें कुलूप आहे. वऱ्हाडच्या काळ्या मातीची धूळ ज्यानें पाहिली नाहीं त्याला त्या कुलपाचें दुखणें समजावयाचें नाहीं. फाल्गुन सरला, शेतें मोकळीं झालीं, कीं वावटळीबरोबर ही मैद्यासारखी बारीक धूळ घरांत शिरते. ती धान्याच्या कोठींत शिरते, पुस्तकांच्या पानांत शिरते, आणि कुलपाच्या भोकांत तर हक्कानें बिऱ्हाड करते. माझी आत्या ही या घरांतली सर्वांत वडील माणूस. तिचें वय आज सत्त्याऐशीं आहे. कुलूप अडलें कीं समईंतल्या तेलाचे चार थेंब ती त्यांत सोडी. दोन दिवस किल्ली लोण्यांत फिरावी तशी फिरे. पुढें तेल आणि धूळ यांचा असा कांहीं राब होई कीं किल्ली आंत गेली तर बाहेर येण्याची खात्री नसे.

मीं तीस वर्षें शाळेंत मुलांना पदार्थविज्ञान व रसायन शिकविलें. तेव्हां घरचें कुलूप अडून राहावें हें मला जरा लाजिरवाणें वाटे. एकदां तें उतरवून रॉकेलनें धुतलें, उन्हांत वाळविलें, आणि शिसपेन्सिलीचें टोंक चाकूनें खरवडून ती काळी भुकटी आंत फुंकली. कुलूप चालूं लागलें तें चालूं लागलें. आत्यानें किल्ली चार वेळां फिरवून पाहिली व म्हणाली, "तेलावांचून चालतें म्हणजे कांहीं तरी खोटें आहे." तिला समजावून सांगतांना मीं पहिल्यानेंच 'कोरडें वंगण' हा शब्द वापरला. हा शब्द पुढें मला कोठवर नेणार आहे याची त्या वेळीं कल्पना नव्हती.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी पुण्यास असते. कॉलेजांत असतांना तिला नेमबाजीचा नाद लागला. प्रथम दहा मीटरांची हवेची बंदूक होती. तींत दारू नाहीं, वंगण नाहीं, त्यामुळें घरांतहि कोणी फारसें मनावर घेतलें नाहीं. पुढें ती पन्नास मीटरांच्या रायफलीकडे वळली व बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत सराव करूं लागली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्युनिच येथें याच प्रकारांत जगज्जेतेपद मिळविलें, हें आमच्या घरांत तिच्यामुळेंच सर्वांना ठाऊक झालें. १ ऑगस्ट २०२४ रोजीं राधानगरी तालुक्यांतल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांना पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळालें, तेव्हां आत्या दूरचित्रवाणीसमोर जपमाळ हातांत घेऊन बसली होती. माळ फिरत होती कीं थांबली होती तें मी सांगूं शकत नाहीं. कार्यक्रम संपल्यावर तिनें सहज विचारलें, "आपली पोर अशाच गोळ्या घालते ना? त्या गोळीला काय लावतात रे?"

हा प्रश्न वरवर दिसतो तितका भोळा नव्हता. आत्याचें वाचन मोठें. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' तिनें लहानपणींच वाचला होता. वरसईचा हा भिक्षुक द्रव्यप्राप्तीसाठीं उत्तरेंत गेला व १८५७ च्या बंडांत सांपडला. त्याची ती हकीकत चिंतामणराव वैद्य यांनीं १९०७ सालीं छापून प्रसिद्ध केली. काडतुसाच्या गोष्टीनें काय अनर्थ घडला हें आत्याला शाळेच्या इतिहासापेक्षां या पुस्तकामुळें अधिक ठाऊक.

त्या काडतुसाची रचना समजून घेण्याजोगी आहे. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल तोंडाकडून भरावयाची. कागदाच्या सुरळींत दारू व शिशाची गोळी असे. शिपायानें सुरळीचें टोंक दांतांनीं तोडावें, दारू नळींत ओतावी, मग गोळीकडचा चरबी लावलेला भाग नळींत सारून गजानें ठांसावा, अशी कवाईत होती. नळीच्या आंतल्या अंगास पिळाच्या खांचा, आणि प्रत्येक बारागणिक जळक्या दारूची कीट त्यांत बसणार. वंगण नसेल तर दहापांच बारांनंतर गोळी खालीं उतरेचना. म्हणजे वंगण हें कांहीं कोणाला बाटविण्यासाठीं शोधून काढलेलें नव्हतें, तें यंत्राची गरज म्हणून आलें होतें. परंतु तें कशाचें आहे, हें ज्याच्या दांतांखालीं तें जाणार त्याला कोणी विचारलें नाहीं. गवगवा झाल्यावर, १८५७ च्या जानेवारीच्या अखेरीस, काडतुसें वंगणावांचून द्यावीं व शिपायांनीं आपल्या पसंतीचें वंगण स्वतः लावावें असा हुकूम सुटला. पुढें दांतांऐवजीं हातानें तोडण्याची मुभाहि मिळाली. पण एप्रिलच्या २४ तारखेस मीरतेस नव्वद स्वारांपैकीं पंचाऐशींनीं काडतुसांस हात लावण्याचें नाकारलें, तीं काडतुसें जुन्याच तऱ्हेचीं होतीं. चरबी निघून गेली तरी संशय चिकटून राहिला.

हें सर्व मला ठाऊक होतें, आणि आणखीहि एक गोष्ट ठाऊक होती. पन्नास मीटरांच्या स्पर्धेंत जीं लहान काडतुसें वापरतात, त्यांची शिशाची गोळी उघडी असते व तिला बाहेरूनच वंगण लावलेलें असतें. कांहीं काडतुसांस खनिज मेण असतें. पण कांहीं उंची काडतुसांच्या वंगणांत आजहि, दीडशेंहून अधिक वर्षांनंतर, मधमाश्यांच्या मेणाबरोबर जनावराची चरबी मिसळलेली असते. आमच्या मुलीच्या रायफलीला जीं काडतुसें सर्वांत चांगलीं मानवलीं होतीं, तीं नेमकीं याच जातीचीं होतीं.

मीं आत्याला सांगितलें, "मेण लावतात."

"मेण होय?" ती म्हणाली. "मग चांगलें." आणि उठून देवघरांत गेली.

हें उत्तर खोटें नव्हतें. त्याचा अर्धाच भाग मीं सांगितला होता. शाळेंत एखाद्या मुलानें समीकरणाची अर्धी बाजू लिहून ठेवली तर मी त्याला शून्य गुण देत असें. त्या रात्रीं झोंप लागेना. सत्य सांगावें तर आत्या त्या मुलीच्या हातचें पाणी घेईल कीं नाहीं याची शंका. न सांगावें तर ज्या बाईनें मला लहानाचा मोठा केला तिला तिच्या घरांतच फसविल्यासारखें होतें. असल्या वेळीं मास्तर माणूस जें करतो तेंच मीं केलें. पुस्तकें काढलीं. चरबीवांचून गोळीला चालेल असें कांहीं असेल, तर मुलीनें तें वापरावें, म्हणजे माझें अर्धें उत्तर आपोआप पुरें होईल, असा हा हिशेब होता.

शोधूं लागल्यावर विषयाची गोडी मात्र लागली. मेहकराहून मुंबईकडे जावयाचें तर आम्ही मलकापुरास आगगाडी धरतों. बोदवड मागें पडल्यावर भुसावळच्या आधीं वरणगांव लागतें. तेथल्या सरकारी कारखान्यांत १९६४ पासून बंदुकांचीं काडतुसें होतात. त्या स्टेशनावरून मी किती वेळां गेलों असेन, परंतु सैन्याच्या गोळीला वंगण लागतें कीं नाहीं असा विचार कधीं मनांत आला नव्हता. तिला तें बाहेरून लागत नाहीं. १८८६ सालीं फ्रेंचांनीं बिनधुराची दारू आणली आणि गोळीचा वेग एवढा वाढला कीं मऊ शिसें खांचांना धरून फिरेना, सोलून निघूं लागलें. म्हणून गाभ्यावर दुसऱ्या धातूचें कवच चढविण्याची पद्धत पडली. पहिलीं कवचें तांबें व निकेल यांच्या मिश्रणाचीं असत. त्यांचे कण नळीला आंतून गांठीगांठींनीं चिकटत आणि नेम बिघडे. यावर तोडगा म्हणून अमेरिकेच्या सैन्यानें १९२१ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठीं गोळ्यांना कथलाची कल्हई केली. ग्रीज लावूं नये अशी सक्त ताकीद असतांनाहि कांहीं जुन्या खोडांनीं संवयीनें तें लावलेंच, आणि दाब भलताच वाढून कांहीं रायफली फुटल्या. ज्याला वंगण नको त्याला वंगण लावणें हें न लावण्यापेक्षां घातक ठरलें. आमच्या कुलपाचेंहि दुखणें त्याच जातीचें होतें, तें आकारानें लहान एवढेंच. पुढें तांब्यांत थोडें जस्त घातलेलें कवच रूढ झालें व हा त्रास पुष्कळ कमी झाला. मुळींच गेला मात्र नाहीं, आणि गेल्या शतकाच्या शेवटच्या दहा-पंधरा वर्षांत हौशी नेमबाज कोरड्या भुकटीकडे वळले ते त्यासाठींच.

या भुकटीचें नांव मॉलिब्डेनम डायसल्फाइड. नांव जड आहे, पण त्याचा इतिहास आपल्या ओळखीचा निघतो. ग्रीक भाषेंत 'मॉलिब्डॉस' म्हणजे शिसें. काळा, चिकणा, कागदावर रेघ उमटविणारा प्रत्येक दगड हा शिशाचाच भाऊबंद, अशी जुन्या लोकांची समजूत होती. १७७८ सालीं शील नांवाच्या स्वीडिश औषधविक्यानें हें खनिज व ग्राफाइट हीं दोन निराळीं आहेत हें दाखविलें, आणि दोहोंतहि शिशाचा अंश नाहीं हेंहि त्यामुळें उघड झालें. युरोपची चूक त्यानें दुरुस्त केली; आपण मात्र अद्याप 'शिसपेन्सिल'च म्हणतों, आणि मीहि जन्मभर तसेंच म्हणत आलों.

हे पदार्थ बुळबुळीत कां, हें मला दिवाळीच्या चिरोट्याशिवाय दुसऱ्या कशानें समजावितां येणार नाहीं. चिरोट्याला पदर सुटतात कारण पोळ्यांच्या मधें तूप व तांदळाच्या पिठाचा साटा असतो. पोळी पोळीला धरत नाहीं. ग्राफाइटांत कार्बनचे असेच पदर एकावर एक रचलेले आहेत. प्रत्येक पदर स्वतः चिवट, परंतु शेजारच्या पदराशीं त्याचें नातें सैल. घासलें कीं पदर सरकतो. गंमत अशी कीं ग्राफाइटालाहि साटा लागतो, आणि तो हवेंतल्या बाष्पाचा. दुसऱ्या महायुद्धांत विमानें फार उंच जाऊं लागलीं तेव्हां त्यांच्या विजेच्या यंत्रांतले ग्राफाइटी कार्बनचे ब्रश पाहतां पाहतां झिजून भुकटी होऊं लागले. तेवढ्या उंचीवरच्या कोरड्या हवेंत त्यांना साटा मिळेना. मॉलिब्डेनमच्या या संयुगाला साटा लागत नाहीं. मॉलिब्डेनमच्या थराच्या दोन्ही अंगांस गंधकाचे थर, आणि एका पदराचें गंधक दुसऱ्या पदराच्या गंधकावर अलगद टेकलेलें. म्हणून अंतराळांत जाणाऱ्या यानांच्या सांध्यांत तें घालतात. कॅरमच्या पाटावर आपण बोरिक पावडर टाकतों, तीहि पदरांचीच करामत. रविवारीं दुपारीं ओट्यावर सोंगट्या सरकविणाऱ्या आमच्या वाड्यांतल्या मुलांना ठाऊक नसतें कीं अमेरिकेंतल्या प्रयोगशाळेंत त्या पांढऱ्या भुकटीच्या निसरडेपणावर १९९० नंतर गंभीर संशोधन झालें आहे.

गोळ्यांना ही भुकटी लावण्याची रीत अगदीं घरगुती वाटते. गोळ्या, बारीक पोलादी छर्रे आणि चिमूटभर भुकटी एका डब्यांत घालून तो डबा यंत्रावर कांहीं तास गरगर फिरवावयाचा. छर्ऱ्यांच्या माऱ्यानें भुकटी धातूंत ठोकली जाते व गोळी काळी कुळकुळीत निघते. वरून कार्नोबा मेणाचा हात देतात. हें मेण ब्राझीलमधल्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरचें. हें वाचतांच मला हायसें वाटलें. निव्वळ वनस्पति! आत्याच्या देवघरांतहि चालेल असें वंगण सांपडलें, असें वाटून मीं त्याच रात्रीं पुण्यास टेलिफोन केला.

मुलीनें सगळें ऐकून घेतलें. मग ती हंसली. "काका, तुम्ही वाचलेंत तें कवचाच्या गोळ्यांचें. माझी गोळी शिशाची, वजन अडीच ग्रॅमच्या थोडें वर, वेग आवाजाच्या वेगाहून किंचित् कमी. ती कारखान्यांत भरून, वंगण लावून, बंद होऊन येते. तिचें वंगण पुसून मी वर दुसरें कांहीं चोळूं लागलें तर हातांत स्पर्धेचें काडतूस राहणार नाहीं, नुसतें खेळणें राहील." कवचाच्या गोळीलाहि ही भुकटी फुकट कांहीं देत नाहीं, असें तिनेंच मला सांगितलें. घर्षण कमी झालें कीं नळींतला दाब कमी होतो, दाब कमी झाला कीं वेग घटतो, मग तो भरून काढण्यास दारू वाढवावी लागते. शिवाय दमट हवेंत भुकटीच्या गंधकापासून तीव्र आम्ल होऊन पोलाद खाल्लें जाण्याचें भय. म्हणून पुष्कळजण आतां बोरॉन नायट्राइड या पांढऱ्या भुकटीकडे वळले आहेत. नळीचें आयुष्य खरोखर वाढतें कीं नाहीं यावर जाणत्यांतहि अजून तंटा आहे.

"मग नुसत्या खनिज मेणाचीं काडतुसें घे," मीं म्हटलें.

"घेतलीं होतीं. पन्नास मीटरांवर दहा गुणांचें वर्तुळ करंगळीच्या नखाएवढें असतें, काका. साडेदहा मिलिमीटरहि पुरतें नाहीं. प्रत्येक नळीची आवड निराळी. माझ्या नळीला तें मेण मानवत नाहीं, गोळ्या पांगतात. आणि वंगण बदललें कीं नळींत नवा लेप बसेपर्यंत पहिल्या बऱ्याच गोळ्या भलतीकडे जातात. डिसेंबरांत निवड आहे. आतां बदल करणार नाहीं मी." थोडें थांबून तिनें विचारलें, "पण तुम्हांला एकाएकीं हें कां सुचलें?"

मीं सांगितलें. पलीकडून बराच वेळ शब्द आला नाहीं. मग ती एवढेंच म्हणाली, "तुम्हीं असें सांगावयाला नको होतें."

दिवाळीला ती आली. रायफल व काडतुसें अर्थातच तिकडे. बरोबर कपडे आणि पुस्तकें. आत्या स्वयंपाकघरांत पाटावर बसून चिरोट्यांच्या पोळ्या लाटीत होती, मुलगी साटा लावीत होती व मी दारांत वर्तमानपत्र घेऊन बसलों होतों. बोलतां बोलतां आत्यानें विचारलें, "प्रत्येक गोळी हातानें भरावी लागते? मेणानें बोटें चिकट नाहीं होत?"

"होतात," मुलगी म्हणाली. तिनें हातांतली वाटी खालीं ठेवली. "नुसतें मेण नसतें, आत्याआजी. त्यांत चरबी असते."

मीं वर्तमानपत्र खालीं केलें नाहीं.

"कशाची?"

"गुरांची किंवा मेंढ्यांची. डब्यावर लिहिलेलें नसतें."

लाटणें दोनचार वेळां फिरल्याचा आवाज आला. मग आत्यानें माझें नांव घेऊन हांक मारली. "तुला ठाऊक होतें?"

"होय."

"मग मेण कां म्हणालास?"

माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. आत्याच म्हणाली, "त्या शिपायांनाहि त्यांच्या साहेबानें असेंच कांहीं तरी सांगितलें असेल. मला वाईट वाटूं नये म्हणून, होय ना? मी काय काडतूस आहें, वरून गुंडाळून ठेवावयाला?" ती चिडली कीं तिचा आवाज उंच होत नाहीं, खालीं जातो. मग मुलीकडे वळून तिनें विचारलें, "तें तोंडांत घालावें लागतें का?"

"नाहीं."

"कोणी बळेंच लावतें का?"

"नाहीं. मीच निवडलें. माझ्या नळीला तेंच बसतें."

आत्या कांहीं वेळ पोळी नुसतीच हातानें सारखी करीत राहिली. "साबणानें हात धुऊन ये," ती शेवटीं म्हणाली, "आणि ते तुझे तिकडचे कपडे माझ्या खोलींतल्या दोरीवर नकोत." मुलगी हात धुऊन आली. दोघींनीं मिळून पोळ्यांची वळकटी केली, कापली, लाटली. चिरोटे उत्तम झाले. पदर असे सुटले कीं बोट लागतांच पापुद्रा गळावा. नैवेद्याचे मात्र आत्यानें पहाटेच स्नान करून एकटीनें वेगळे तळून ठेवले होते, हें मला मागाहून कळलें. दुपारच्या त्या चिरोट्यांपैकीं तिनें एकहि तोंडांत घातला नाहीं. दांतांनीं आतां कुरकुरीत सोसत नाहीं, असें ती सर्वांना सांगत होती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती कडबोळीं खातांना मीं पाहिली. मुलीनेंहि पाहिली असावी. कोणी कांहीं बोललें नाहीं.

डिसेंबरच्या निवडींत मुलगी थोड्या दशांशांनीं राहिली. वाऱ्याचा अंदाज चुकला, काडतुसांचा दोष नव्हता, असें ती म्हणाली. हा टेलिफोन तिनें मला न करतां थेट आत्याला केला होता. हल्लीं दर रविवारीं दोघींचें बोलणें होतें. नेमाचें वर्तुळ किती, वारा कसा ओळखावा, साठ गोळ्यांना किती वेळ मिळतो, हें सारें आत्याला पाठ झालें आहे. वंगणाबद्दल ती तिलाच विचारते. मला विचारीत नाहीं.

गेल्या चैत्रांत पुन्हां धूळ आली. एके दिवशीं बाहेरून येऊन पाहतों तों आत्या दिंडीपाशीं उभी, हातांत समईच्या तेलाचें पळें, आणि कुलपाच्या भोकांतून तेलाचा ओघळ खालीं आलेला. मीं शिसपेन्सिलीची आठवण दिली नाहीं. किल्ली तिच्या हातून घेऊन दोनदां फिरवून दिली.